पिंप्राळ्याचं अळणी सूप

आधीच सांगून ठेवते, मला सल्ले नकोत. या सदरात लोक आपापले अनुभव लिहितात, मी ते आवडीनं वाचते आणि वाचून झाल्यावर हसते, हेही कबूल करते. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी, मागून हाक... माझ्या बाबतीत यातलं काहीच नाही. माझ्या बाबतीत आहे ते मीठ. साधं, किराणा दुकानातलं मीठ. आणि त्या मिठानं मला जे छळलं, ते इतक्या वर्षांनी आठवलं तरी डोकं तापतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. माझं माहेर धुळ्याकडचं, वडील शाळेत शिपाई, घरात सहा भावंडं. भुताला जागा कुठून मिळणार? लग्न होऊन जळगावला आले. नव्वदीच्या दशकातली गोष्ट, कॉलनीत केबल टीव्ही नुकता आला होता. यांची डाळमिलमधली नोकरी सुटली, आणि मी पिंप्राळ्यात, रेल्वे गेटच्या अलीकडे, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत खानावळ सुरू केली. चार टेबलं, मागं स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. शेवभाजी, भरीत, उडदाची डाळ, कळण्याची भाकरी, आणि बुधवार-रविवार कोंबडी. गल्ल्यावर हे बसायचे. भाकऱ्या सासूबाई थापायच्या. त्यांना सगळी कॉलनी आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्काच म्हणायचे.

माझ्या हाताला चव होती. हे मी स्वतः सांगतेय याबद्दल माफ करा, पण दुसरं कोण सांगणार? आमच्या खानावळीत टेबलावर मीठदाणी नव्हती. वरून मीठ मागणं म्हणजे रांधणाऱ्या बाईच्या तोंडात मारल्यासारखं, असं माझं मत. आणि कोणी कधी मागितलंही नव्हतं.

तर त्या वर्षी गावाबाहेरच्या एका पाइपच्या कारखान्यात कोरियाहून नवं मशीन आलं, आणि ते बसवायला एक इंजिनिअर आले. हान साहेब. पन्नाशीचे असतील. बुटके, गोरे, केस काळेभोर, चालणं मात्र म्हाताऱ्यासारखं. त्यांना आमच्याच कॉलनीत खोली करून दिली होती. पहिले काही दिवस ते ब्रेड आणि केळ्यांवर काढत होते, कारण आपलं तिखट त्यांना सोसेना असं कारखान्याच्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. साफ खोटं! माणूस ठेच्याबरोबर भाकरी खाऊन आणखी ठेचा मागायचा. त्यांना हवं होतं ते गरम सूप. रोज. उन्हाळ्यातसुद्धा. जळगावच्या उन्हाळ्यात!

एक दिवस ते सरळ पडदा बाजूला करून माझ्या स्वयंपाकघरात आले, दोन्ही हात जोडून वाकले, आणि "मी कुक, यू सी" म्हणाले. मी आधी झाडूच उचलणार होते. पण त्यांनी कोंबडी, लसूण, आलं, कांद्याची पात असं मंद आचेवर इतका वेळ शिजवलं की रस्सा दुधासारखा पांढरा झाला. त्यात भात घातला, वर मिरी. सोबत कोबीचं लालभडक आंबट लोणचं, तेही त्यांनीच घातलं. मी चाखलं आणि आणखी वाडगाभर वाढून घेतलं. आजारी पोराला आईनं भरवावं तसली चव हो ती.

त्याचं कोरियन नाव आमच्या कोणाच्या जिभेवर बसेना. लोक "साहेबाचं सूप" म्हणायला लागले. कोणाला सर्दी, कोणाला ताप, कोणाचं बाळंतपण... वहिनी, साहेबाचं सूप द्या. आपले लोक त्यात भाकरी कुस्करून खायचे, ते बघून हान साहेब खूश. शाकाहारी लोकांसाठी मोड आलेल्या मुगाचं करायला त्यांनीच शिकवलं. एकाच गोष्टीवरून आमचं भांडण व्हायचं. त्यांचं म्हणणं, सूपात मीठ घालायचं नाही, ज्यानं त्यानं टेबलावर घालून घ्यायचं. मी म्हटलं साहेब, माझ्या हॉटेलात नाही चालणार. मीठ मी घालणार. ते हसले आणि हरले. हॉटेल म्हणण्याइतकं ते मोठं नव्हतं, पण भांडताना तेवढं चालतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

एक दिवस दुपारी हान साहेब लवकर आले. नवा शर्ट, केस नीट विंचरलेले. म्हणाले, आज सूप वेगळं करा. कोंबडी आणि मुळा. लाल मिरची नको, लसूणही नको. मी म्हटलं हे काय पथ्याचं? तर त्यांनी खिशातून एक छोटा फोटो काढला. पाटाएवढ्या खुर्चीवर बसलेली एक म्हातारी, केस मागं घट्ट बांधलेले, तोंडावर हसू नाही. "मदर," म्हणाले. "टुडे. डेथ डे."

म्हणजे आईचं श्राद्ध. मला लगेच समजलं, त्यात काय समजावायचं? आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात, पितरांच्या नावानं माणूस जेवू घालतात, तसंच. मी आंघोळ करून सूप केलं. त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावर, जिथं ते रोज बसायचे तिथं, फोटो ठेवला. पुढ्यात सूपाचा वाडगा, भाताचा वाडगा, आणि भातात चमचा उभा खोचला. मग दार सताड उघडलं आणि जमिनीला डोकं टेकवून नमस्कार केला. मी, आक्का, हे... आम्ही तिघं भिंतीला लागून उभे. त्यांनी मला सांगितलं ते मला अजून पाठ आहे. "मदर कम. ईट. देन गो."

थोड्या वेळानं त्यांनी फोटो खिशात घातला, दाराशी जाऊन पुन्हा वाकले. म्हणजे निरोप झाला.

आता मला सांगा, आपल्या घरी कोणाची आई जेवायला आली आणि नुसतं "ईट, देन गो" असं कोणी म्हणतं का? माझ्यानं राहवेना. एवढ्या लांबून आलेली बाई, एका वाडग्यावर कशी पाठवायची? मी पळीभर सूप आणखी वाडग्यात ओतलं, आणि दाराकडे बघून म्हटलं, "आई, संकोच करू नका हो. तुमचा मुलगा इथंच जेवतो, रोज येत जा. हे तुमचंच घर." हान साहेबांना मराठी कळत नव्हती. त्यांनी हसून मान हलवली. आक्का म्हणाल्या, बरं केलं.

पुढं मशीन सुरू झालं. कोरियाहून फोन आला की परत या, इकडे दुसरं काम निघालंय, आणि हान साहेब एका दिवसात बॅग भरून गेले. पुढं दोन दिवसांनी कोपऱ्यातल्या टेबलावरचं गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, मीठ विसरलात का?"

मी? मीठ? मी तिथंच त्याच्या वाडग्यातलं चमचाभर चाखलं. पाणी! निव्वळ पाणी. पडद्यामागं जाऊन पातेल्यातलं चाखलं, तर मीठ अगदी बरोबर. मी त्याला दुसरा वाडगा दिला. तोही अळणी. माझा चेहरा पडला, पण म्हटलं जिभेचं काहीतरी झालं असेल.

आठवडाभर फक्त त्या कोपऱ्यातल्या टेबलावर. मग त्याच्या शेजारच्या. मग खिडकीजवळच्या. एकेक टेबल करत चारही. पातेल्यात चव बरोबर, पडद्याबाहेर आलं की गेली. आक्का भाकरी थापता थापता ओरडायच्या, "शोभा, मीठ टाकाले इसरनी का व?" यांचं आपलं एकच, "अगं, थोडं जास्त घाल ना, त्यात काय एवढं?" घातलं! दुप्पट घातलं! तर गेटजवळच्या एक बाई डबा घेऊन गेल्या होत्या, त्या अर्ध्या तासात डबा परत घेऊन आल्या. "हे काय समुद्राचं पाणी दिलंत? माझ्या पोराला उलटी झाली." त्याच पातेल्यातलं सूप. इथं बसलेले म्हणतायत अळणी, घरी नेलेले म्हणतायत खारट. मी कोणाकोणाच्या पाया पडू?

शेवटी, मनावर दगड ठेवून, टेबलांवर मीठदाण्या ठेवल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि त्याचा उपयोग काय झाला? लोकांनी वरून मीठ घातलं तर खडे दाताखाली कचकच वाजायचे, पण चव नाही. एक म्हातारेबुवा तर चमचाभर मीठ नुसतं तोंडात टाकून माझ्याकडे बघत बसले. म्हणाले, "वहिनी, हे मीठ नाही, ही रांगोळी आहे." सगळे हसले. मीही हसले असते, दुसऱ्याच्या खानावळीत असते तर.

कॉलनीत कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे चौधरी सर राहायचे, आमचं रोजचं गिऱ्हाईक. मी त्यांना म्हटलं, सर, तुमच्या त्या नळ्यांमध्ये घालून बघा एकदा, काय आहे यात. त्यांनी टेबलावरच्या वाडग्यातलं सूप बाटलीत भरून नेलं. दुसऱ्या दिवशी आले ते डोकं खाजवत. "वहिनी, मीठ आहे. भरपूर आहे."

"मग लागत का नाही?"

"ते आता... तुमचं ब्लड प्रेशर एकदा तपासून घ्या."

माझं ब्लड प्रेशर! सूप गिऱ्हाइकांच्या तोंडाला अळणी लागतंय आणि तपासायचं मला! मी डॉक्टरकडे गेलेही. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, टॉर्च मारला, आणि "विश्रांती घ्या" म्हणाले. तोवर कॉलनीत झालंच होतं, शोभाच्या हाताची चव गेली. बायका नळावर माझ्याकडे कीव करून बघायच्या. ती कीव मला मिठापेक्षा जास्त झोंबली. खानावळ बंद पडली असती तर आम्ही काहीही केलं असतं, पापड लाटले असते, धुणीभांडी केली असती. पण "हिला आता रांधता येत नाही" हे ऐकून मी जगले नसते. माझ्याकडे दुसरं होतंच काय?

तुम्ही म्हणाल, सूप बंद का नाही केलं? केलं. फळ्यावरून नाव पुसलं. त्याच दिवशी शेवभाजी अळणी झाली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना आक्का हळूच म्हणाल्या, "शोभा, देवना निवदनं काय व्हस? निवद तठेच ऱ्हास, देव चव लेस. आठे बी कोनी तरी चव खाई जास." मी चिडले. म्हटलं, आक्का, देव नैवेद्याची चव घेतो तसं इथं कोणी चव खाऊन जातं, असं तुम्ही पण म्हणता? तर म्हणाल्या, "त्यानी त्या दिन मिरची नको सांगं व्हतं ना? मंग आते तीच टाक. भलती टाक."

मी पुन्हा सांगते, माझा विश्वास नव्हता. पण बुडत्याला काडीचा आधार. लाल मिरची आणि लसणाची अशी फोडणी दिली की समोरच्या घरातले खोकायला लागले. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानातून धूर निघायचा बाकी. आणि ते सगळं होऊन, रुमालानं तोंड पुसत चौधरी सर म्हणतात, "वहिनी, तिखट मस्त आहे हो... फक्त मीठ..."

मी पळी फेकली. खरंच फेकली. भिंतीवर डाग राहिला तो पुढं चुना लावला तेव्हा गेला.

दुपारी सगळे गेल्यावर मी दार लोटून बाहेरच्या खोलीत एकटीच बसले. हे झोपले होते, आक्का शेजारी गेल्या होत्या. समोर चार टेबलं. रागानं डोकं नुसतं भणभणत होतं. आणि का कोण जाणे, मी मनात ओळीनं लावायला लागले... आधी कोपऱ्यातलं टेबल. मग शेजारचं. मग खिडकीचं. मग दाराजवळचं. यात्रेत हरवलेल्या पोराला आई शोधते ना, आधी जिथं सोडलं होतं तिथं, मग तिथून एकेक दुकान करत... प्रत्येकाच्या ताटात वाकून बघत...

मी कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळले. मीच बोलावलं होतं. रोज येत जा, तुमचा मुलगा इथंच जेवतो. माझेच शब्द.

आता काय करायचं? मांत्रिक मला पटत नव्हता आणि परवडतही नव्हता. हान साहेबांचा पत्ता नाही, फोन नाही. आणि खरी अडचण निराळीच. जेवायला आलेल्या माणसाला जा म्हणायचं? आमच्या घरात दारात आलेला भिकारी पण "पुढं जा बाबा" ऐकून गेलेला नाही, तुकडा का होईना घेऊन गेलाय. माझी आई म्हणायची, निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. आणि मी एका आईला जा म्हणू?

उठले. मुळा चिरला, कोंबडीचे उरलेले तुकडे घातले, मिरची नाही, लसूण नाही. वाडगा कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. भातात चमचा उभा खोचला. दार सताड उघडलं. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रं नाही. चमचाभर चाखून बघितलं. अळणी.

म्हणजे आल्या होत्या.

मी समोरच्या खुर्चीवर बसले. आधी प्रमाण मराठीत सुरुवात केली, साहेबांच्या आई आहेत म्हणून. "हे पाहा, आपण..." आणि पुढं शब्दच येईनात. मग राग आला, आणि राग आला की मी माहेरच्या बोलीत जाते. म्हटलं, "माय, तू रोज येस, माले दुख नही. पन तुना पोऱ्या आठे नही शे. तो घर गया. कवळच गया. तू आठे कोनले देखी ऱ्हायनी? तू बी घर जाय."

तुझा मुलगा कधीच घरी गेला, तूही जा, एवढं म्हटलं आणि मला रडू फुटलं. रागाचं रडू, दुसरं काही नाही. पदरानं डोळे पुसले. खोलीत काही म्हणजे काही झालं नाही. वारा नाही, आवाज नाही, पडदा हलला नाही. कोणी विचारलं तर मी हेच सांगते. मी वाडग्यातला चमचा उचलला आणि पुन्हा चाखलं.

मीठ होतं. इतकं नीट, इतकं बरोबर, की माझ्याच हातचं ते मला ओळखू आलं.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले, सकाळची शेवभाजी आणून टेबलावर चाखली. मीठ होतं. चारही टेबलांवर बसून चाखली. हे उठून आले आणि मला टेबलाटेबलावर वाटी घेऊन बसताना बघून म्हणाले, "डॉक्टरनं विश्रांती सांगितली होती ना?"

संध्याकाळपासून सगळं पूर्वीसारखं. गिऱ्हाइकं परतायला वेळ लागला, पण परतली. खानावळ पुढं बरीच वर्षं चालली, सूपही चाललं. पण माझा जीव कशानं जळतो सांगू? कोणीही, एकानंही, मान्य केलं नाही. चौधरी सर म्हणाले, "हवामान बदललं ना वहिनी, जिभेवर परिणाम होतो." अख्ख्या कॉलनीच्या जिभेवर? आणि फक्त माझ्या टेबलावर? त्या डबेवाल्या बाई म्हणाल्या, "आता हात बसला हं तुमचा." हात बसला! जसं काही मी नवी सून होते. यांनी तर विषयच बंद केला. एक आक्का तेवढ्या विचारायच्या, "जेवीसन गयी ना ती?" मी हो म्हणायचे. खोटं बोलायचे. वाडगा तसाच भरलेला होता, मिठासकट.

ज्यांना केमिस्ट्री येते, ज्यांना मानसशास्त्र येतं, त्यांनी खुशाल काय ते लिहावं. माझ्याकडे उत्तर नाही, आणि आता हवंही नाही. आक्का गेल्या, खानावळ बंद झाली, त्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे. मात्र हान साहेबांवरचा माझा राग काही जात नाही. चांगला माणूस, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी बॅग घेऊन निघाला तेव्हा घरमालकाला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, माझ्यासमोर तीन वेळा वाकला. मग त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे तोंड करून "आई, मी निघालो" एवढं म्हणायला काय जात होतं हो त्याचं?